मारिओ, लेहरा आणि एम-थ्री

आधी एक कबुली देते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमच्याकडे मराठी होतं ते घरी बोलायला आणि दहावीला मार्क मिळवायला. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर जरूर हसा, पण पान उलटू नका!

आपल्या मॅगझीनच्या मराठी विभागाची संपादिका दुर्दैवाने माझी रूममेट आहे. तिने फर्मान काढलं, "पावसावरच्या कविता अकरा आल्यात आणि लोणावळ्याची ट्रिप चार जणांनी लिहिलीय. तुला ज्यातलं खरंच काही कळतं त्यावर लिही, आणि जरा अभ्यासपूर्ण लिही." मी दोन दिवस विचार केला. ज्यातलं खरंच कळतं अशी एकच गोष्ट सापडली, ती म्हणजे व्हिडिओ गेममधलं संगीत. हे ऐकून बाईसाहेब म्हणाल्या, "ते टिंगटिंग? त्याला संगीत म्हणतात?"

हा प्रश्न मला नवीन नाही. आईने विचारलाय, बाबांनी विचारलाय, होस्टेलच्या रेक्टर मॅडमनी तर रात्री साडेबाराला दार वाजवून विचारलाय. न विचारणारा माणूस मला एकच भेटला, ते म्हणजे माझे आजोबा. म्हणून सुरुवात त्यांच्यापासूनच करते.

अण्णांची पेटी

आईचे वडील, म्हणजे आमचे अण्णा, मिरजेला राहायचे. मिरज हे तंबोरे आणि सतारी घडवणारं गाव. गाण्याबजावण्यातलं कोणी ना कोणी तिथे गल्लीत सापडतंच. अण्णांची नोकरी कारकुनाची, पण संध्याकाळी ते शेजारच्या तबल्याच्या क्लासला जाऊन पेटीवर लेहरा धरायचे.

लेहरा म्हणजे काय हे माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांसाठी सांगते. तबलजी जेव्हा गायकाच्या साथीला नसतो, एकटाच तबला वाजवत असतो, तेव्हा पेटीवाला किंवा सारंगीवाला एक छोटीशी चाल पुन्हा पुन्हा वाजवत राहतो. तीनताल असेल तर सोळा मात्रांची. तबलजी तिच्यावर कायदे, रेले, तिहाया काय हवं ते वाजवतो. तो कितीही लांब भटकला तरी ताल आत्ता कुठे आहे हे लेहरा सांगत राहतो, आणि मग दोघं समेवर भेटतात.

मी लहानपणी अण्णांना विचारलं होतं, "अर्धा अर्धा तास तेच तेच वाजवून तुम्हाला कंटाळा येत नाही का?" ते म्हणाले, "अगं, लेहरा नुसता ऐकायचा नसतो, त्याच्यावर वाजवायचं असतं. पण लेहरा वाईट असला ना, की दोन मिनिटांत माणूस वैतागतो."

२०१३ च्या मे महिन्याची सुट्टी. मी आठ वर्षांची. मामेभावाकडे टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता. बाजारात चार-पाचशे रुपयांत मिळायचा तो, ९९९९ गेम असल्याची थाप छापलेली पिवळी कॅसेट घालायचा. आम्ही दिवसभर मारिओ खेळायचो. एका दुपारी अण्णा येऊन कॉटवर बसले. पडद्याकडे बघतच नव्हते, डोळे मिटून मांडीवर बोटं आपटत होते. बऱ्याच वेळाने ते दोन वाक्यं बोलले.

"हा लेहराच आहे की गं."

आणि थोडं थांबून, "पेटी कपलरची दिसते."

आम्ही खोखो हसलो. दादा म्हणाला, "अण्णा, आत पेटी नाही, कॉम्प्युटर आहे!" अण्णाही हसले आणि चहा प्यायला गेले. पहिलं वाक्य मला बऱ्यापैकी लवकर कळलं. दुसरं कळायला अकरा वर्षं आणि एक केटी लागली.

पहिलं वाक्य : हा लेहरा कसा?

सिनेमाला संगीत देणाऱ्याला प्रसंग किती सेकंदांचा आहे हे आधीच माहीत असतं. नायक दार कधी उघडणार ते ठरलेलं असतं. गेमच्या संगीतकाराला यातलं काहीच माहीत नसतं. तुम्ही एका पातळीवर वीस सेकंदांत मराल, नाहीतर त्याच खड्ड्यात पडत तासभर काढाल (मी काढलाय). म्हणून चाल अशी बांधावी लागते की ती संपली की सुरुवातीला जोडली जावी, जोड कळू नये, आणि पन्नासाव्यांदाही डोक्यात जाऊ नये. वर ती खेळणाऱ्याच्या हाताला लय पुरवत राहिली पाहिजे. म्हणजे अण्णांचं कामच!

अगदी सुरुवातीचं उदाहरण घ्या. १९७८ साली जपानच्या तैतो कंपनीने तोमोहिरो निशिकादो यांनी बनवलेला 'स्पेस इन्व्हेडर्स' हा गेम आणला. त्यातलं संगीत म्हणजे खाली उतरणारे चार जाड सूर, पुन्हा पुन्हा. बस. पण शत्रू मारत गेलो की उरलेले शत्रू वेगाने सरकू लागतात आणि त्यांच्याबरोबर ते चार सूरही. शत्रू वेगाने सरकायचं मूळ कारण तर आपल्या शाखेतलं आहे. पडद्यावरचे शत्रू कमी झाले की प्रोसेसरवरचा भार कमी होतो, म्हणून उरलेले भराभर हलतात. विलंबितातून द्रुतमध्ये जावं तशी लय चढते, आणि खेळणाऱ्याची छातीही तिच्यासोबत धडधडते.

मग १९८५ साली आला 'सुपर मारिओ ब्रदर्स'. संगीतकार कोजी कोंदो, वय तेव्हा २४, म्हणजे आपल्या फायनल इयरच्या मुलांहून दोनच वर्षांनी मोठा. जमिनीवरची चाल धावती. जमिनीखाली गेलं की मोजके, दबकत येणारे सूर आणि मध्ये शांतता. पाण्यात गेलं की तीन-तीन मात्रांची झुलती चाल, आपल्या दादऱ्याच्या जवळची, कारण पाण्यात मारिओ धावत नाही, तरंगतो. आणि घड्याळात १०० हून कमी उरले की इशारा वाजतो आणि तीच चाल जलद होते. स्वर बदलत नाहीत, फक्त लय बदलते. तरी हात घामेजतात की नाही?

कोंदोंचाच आणखी एक किस्सा मला फार आवडतो. १९८६ च्या 'द लेजंड ऑफ झेल्डा'साठी सुरुवातीला रावेल या फ्रेंच संगीतकाराची 'बोलेरो' ही रचना वापरायचं ठरलं होतं. अगदी शेवटी लक्षात आलं की तिचा कॉपीराइट अजून संपलेला नाही! मग कोंदोंनी एका रात्रीत नवी चाल बांधली. सबमिशनच्या आदल्या रात्री फाइल पूर्ण करणाऱ्या तमाम होस्टेलवासीयांनी या माणसाचा फोटो टेबलावर लावायला हरकत नाही. आणि गंमत बघा, 'बोलेरो' हीसुद्धा ड्रमच्या एकाच ठेक्यावर तीच चाल पुन्हा पुन्हा वाजवत पाव तास नेणारी रचना आहे. लेहऱ्याचीच दूरची बहीण.

४० केबीची मैफल

आता थोडं गणित. घाबरू नका, सोपं आहे.

सीडीच्या दर्जाचा आवाज साठवायचा तर एका सेकंदाला ४४,१०० नमुने, डावा-उजवा असे दोन चॅनल, प्रत्येक नमुन्याला २ बाइट. गुणाकार केला की १,७६,४०० बाइट होतात. 'सुपर मारिओ'ची सगळी कॅसेट, म्हणजे प्रोग्राम, चित्रं, बत्तीस पातळ्या आणि संगीत मिळून, ४० केबीची. म्हणजे ४०,९६० बाइट. भागाकार करा. संपूर्ण कॅसेटमध्ये सीडीच्या दर्जाचा आवाज पाव सेकंदसुद्धा मावला नसता!

मग एवढं संगीत आलं कुठून? तर कॅसेटमध्ये आवाज साठवलेलाच नव्हता. साठवलं होतं ते नोटेशन, कुठला सूर किती वेळ वाजवायचा एवढंच. वाजवायचं काम यंत्रातली चिप करायची. निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉम यंत्रातल्या चिपकडे मुख्य चार वाजंत्री होते.

दोन वाजंत्री स्क्वेअर वेव्हचे. हे चाल आणि तिचे साथीचे सूर वाजवतात. त्यांचा आवाज १६ पायऱ्यांनी कमी-जास्त करता येतो.

तिसरा त्रिकोणी वेव्हचा. याला आवाज लहान-मोठा करताच येत नाही, चालू किंवा बंद एवढंच. म्हणून याला बहुधा खर्जात बसवतात.

चौथा नुसता खरखराट करणारा. डिजिटलच्या पेपरला आपण जो शिफ्ट रजिस्टर फीडबॅक देऊन फिरवतो तसाच १५ बिटांचा रजिस्टर आत फिरतो आणि त्यातून खोटा-खोटा रँडम आवाज निघतो. तुकडे करून वाजवला की झांजा आणि ड्रम तयार!

(पाचवा एक चॅनल होता, छोटे रेकॉर्ड केलेले आवाज वाजवायला, पण तो जागा फार खायचा.)

एवढ्या चौघांत गाणंही बसवायचं आणि गेमचे आवाजही. म्हणून मारिओने उडी मारली की संगीतातला एक वाजंत्री क्षणभर आपलं काम सोडून उडीचा आवाज काढतो आणि परत चालीत येतो. पुढच्या वेळी कान देऊन ऐका. एका वाजंत्र्याला एका वेळी एकच सूर येतो, म्हणून कॉर्ड हवी असेल तर तिचे तीन सूर इतक्या भरभर एकामागून एक वाजवायचे की कानाला ते एकत्र वाटावेत. मेसमध्ये एका वाटीत तीन भाज्या वाढतात तसं काहीसं.

आणि सूरसुद्धा मनाजोगे मिळत नव्हते. चिपचं घड्याळ सेकंदाला १७,८९,७७३ ठोके देतं. स्क्वेअर वेव्हसाठी त्याला आधी १६ ने आणि मग एका पूर्णांकाने भागायचं. ४४० हर्ट्झचा सूर हवा असेल तर भाजक यायला हवा २५४.२३. अपूर्णांक चालत नाही, म्हणून २५४ घ्यायचा, आणि सूर मिळतो ४४०.४ हर्ट्झचा. हा फरक कानाला कळणार नाही. पण तीन सप्तकं वर जा. ३,५२० हर्ट्झला भाजक हवा ३१.७८, घ्यावा लागतो ३२, आणि सूर येतो सुमारे ३,४९६ हर्ट्झ. म्हणजे अर्ध्या स्वराचा जवळपास आठवा हिस्सा खाली. वरच्या पट्टीत यंत्र बेसूर होतं! क्वांटायझेशन एरर म्हणजे काय हे मला पुस्तकातून कळलं नव्हतं, ते इथे कळलं.

दुसरं वाक्य : कपलरची पेटी

सेकंड इयरला मला एम-थ्रीत केटी लागली. फूरियर सिरीजने घात केला. घरी सांगितल्यावर बाबा फोनवर एवढंच म्हणाले, "गेम कमी कर." ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी माझ्या हॉस्टेलच्या फीसाठी काय काय पुढे ढकललंय ते मला माहीत होतं. मी लॅपटॉपवरचे सगळे गेम काढून टाकले, पण सवय कुठे जाणार? अभ्यास करताना निदान मारिओचं संगीत तरी ऐकू म्हणून मूळ जपानी यंत्रावरून रेकॉर्ड केलेला आवाज हेडफोनवर लावला.

आणि मला ते चुकीचं वाटलं!

सूर तेच, लय तीच, पण आवाज पोकळ. माझा मारिओ तीक्ष्ण वाजायचा, पत्र्यावर उन्हाची तिरीप पडावी तसा. आधी वाटलं, लहानपणचं सगळं चांगलंच आठवतं, त्यातला प्रकार असेल. मग शोधाशोध केली तेव्हा कळलं की आपल्याकडे स्वस्तात मिळायची ती यंत्रं मूळ नव्हतीच, नकला होत्या. आणि अशा अनेक नकलांच्या चिपमध्ये स्क्वेअर वेव्हच्या दोन सेटिंगची अदलाबदल झालेली होती. जिथे वेव्ह ५० टक्के वेळ वर असायला हवी तिथे २५ टक्के, आणि जिथे २५ हवी तिथे ५०. यालाच आपण ड्यूटी सायकल म्हणतो.

ड्यूटी बदलली तर सूर तोच राहून आवाजाचा पोत का बदलतो? हे तर एम-थ्रीच होतं!

वही काढली. ड्यूटीला 'डी' म्हणू. अशा वेव्हची फूरियर सिरीज मांडली की 'एन'व्या हार्मोनिकची ताकद साइन (एन गुणिले पाय गुणिले डी) भागिले एन या प्रमाणात येते. डी जर निम्मा असेल तर एन सम असताना साइन शून्य. म्हणजे २, ४, ६ गायब. उरतात १, ३, ५, आणि त्यांची ताकद अनुक्रमे पूर्ण, एक तृतीयांश, एक पंचमांश. म्हणून आवाज पोकळ, क्लॅरिनेटच्या अंगाने जाणारा.

आता डी पाव घ्या. पहिल्याच्या तुलनेत तिसरा किती? एक तृतीयांश. पाचवा? एक पंचमांश. अगदी तेवढेच! मग बदललं काय? दुसरा. तो आधी शून्य होता, आता पहिल्याच्या ७१ टक्के झाला. सहावाही थोडा आला, चौथा आणि आठवा शून्यच राहिले. म्हणजे माझ्या लहानपणच्या मारिओत आणि मूळ मारिओत मुख्य फरक एकच होता, दुसरा हार्मोनिक.

दुसरा हार्मोनिक म्हणजे दुप्पट वारंवारता. दुप्पट वारंवारता म्हणजे तोच स्वर, वरच्या सप्तकातला.

मी पेन खाली ठेवलं. ज्यांनी पेटी जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. काही पेट्यांना कपलर असतो. त्याची खुंटी ओढली की एक पट्टी दाबल्यावर दुसऱ्या सप्तकातली तीच पट्टी आपोआप खाली जाते. एका बोटात दोन सूर, मूळ स्वर आणि त्याचा वरचा जोडीदार. आवाज एकदम उजळ होतो.

"पेटी कपलरची दिसते."

अण्णांनी फूरियरचं नाव ऐकलं नव्हतं. त्यांनी कॉटवर बसून, डोळे मिटून, टीव्हीच्या फुटक्या स्पीकरमधून दुसरा हार्मोनिक ऐकला होता. आणि आम्ही हसलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये जाऊन सरांकडे अर्धा तास मागितला. लॅबच्या मामांनी कपाटातून छोटा स्पीकर काढून दिला. फंक्शन जनरेटरवर ४४० हर्ट्झचा स्क्वेअर वेव्ह लावला, स्कोपवर एफएफटी सुरू केलं आणि ड्यूटी ५० वरून हळूहळू २५ वर आणली. पहिल्या आणि तिसऱ्या काडीच्या मधल्या रिकाम्या जागेतून दुसरी काडी उगवत वर आली, आणि स्पीकरमधून २०१३ ची मिरज ऐकू आली. मामा म्हणाले, "काय गं, डोळ्यात काय गेलं?" मी म्हटलं, "सोल्डरिंगचा धूर." (लॅबमध्ये सोल्डरिंग चालू नव्हतं.)

अण्णा २०१९ मध्ये गेले. आमचं ते यंत्र त्याआधीच भंगारात गेलं होतं, त्यामुळे उघडून बघता येणार नाही. पण अण्णांचा कान साक्षीला आहे, मला तो पुरे. केटीच्या पेपरला ड्यूटी सायकलचा प्रश्न आला नाही. कसलीतरी करवतीच्या दातांसारखी वेव्ह आली होती. पण मी पास झाले. बाबांना फोन केला, आणि कपलरची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे आईलापण सांग." मी सांगितलं. त्यानंतर गेमवरून बोलणं झालेलं नाही.

लेहरा खेळाडूच्या मागे

असो. आपण अभ्यासाकडे वळू. मेमरी स्वस्त झाली, सीडी आली, खरा ऑर्केस्ट्रा वाजवता येऊ लागला. मग गेमचं संगीत सिनेमासारखंच झालं का? दिसायला झालं, पण मूळ प्रश्न तोच राहिला. खेळणारा पुढच्या क्षणी काय करणार हे माहीत नाही. यावर दोन मार्ग निघाले.

पहिला थरांचा. चाल तीच ठेवायची आणि तिच्यावर वाद्यं चढवायची-उतरवायची. १९९० च्या 'सुपर मारिओ वर्ल्ड'मध्ये मारिओ योशी नावाच्या डायनासोरवर बसला की त्याच चालीवर बोंगोसारखा ठेका सुरू होतो, उतरला की थांबतो.

दुसरा मार्ग वळणांचा. १९९१ च्या 'मंकी आयलंड २'साठी मायकल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी आयम्यूज नावाची यंत्रणा बनवली. खेळणारा एका खोलीतून दुसरीत गेला की संगीत धाडकन तुटत नाही. योग्य जागा येईपर्यंत यंत्रणा थांबते आणि तिथून नव्या चालीत शिरते. समेची वाट बघणाऱ्या साथीदारासारखं!

आणि तिसरी गोष्ट, जी मला फार उशिरा कळली, ती म्हणजे गप्प बसणं. बॉईज होस्टेलचा लाडका 'काउंटर-स्ट्राइक' आठवा. लढाई चालू असताना संगीत जवळपास नसतंच, कारण शत्रूच्या पावलांचा आवाज ऐकू यायला हवा. तिथे पावलं हाच ठेका.

माझे आवडते पाच

रूममेटने बजावलंय की यादी दिल्याशिवाय लेख छापणार नाही. तर घ्या. क्रम आवडीचा नाही, सालाचा आहे.

टेट्रिस (गेम बॉय, १९८९) : गेम मॉस्कोच्या अलेक्सेई पाजित्नोव यांचा, १९८४ चा. गेम बॉयवरची प्रसिद्ध चाल म्हणजे 'कोरोबेइनिकी' हे रशियन लोकगीत. ते गेममध्ये बसवलं हिरोकाझू तनाका यांनी. हे गृहस्थ मुळात इंजिनिअर, निन्टेन्डोच्या यंत्रांच्या आवाजाच्या हार्डवेअरवरही त्यांनी काम केलं. चिप बनवायची आणि तिच्यासाठी चालही बांधायची! आपल्या शाखेच्या मुलांनी नोंद घ्यावी.

फायनल फँटसी ६ (१९९४) : नोबुओ उएमात्सू यांनी संगीत कुठल्या कॉलेजात शिकलेलं नाही, स्वतःचं स्वतः शिकले. या गेममध्ये चक्क एक ऑपेरा आहे. त्या यंत्राच्या आवाजाच्या भागाला मेमरी ६४ केबी, एका वेळी ८ आवाज. माणसाचा गळा त्यात मावणं शक्य नव्हतं, म्हणून गाणारीचा आवाज चिपवरच्या सुरांनीच उभा केला. शब्द पडद्यावर येतात आणि बाकीचं आपलं मन ऐकतं.

एज ऑफ एम्पायर्स २ (१९९९) : संगीतकार स्टीफन रिप्पी. याबद्दल लिहायला नकोच. रात्री दोनला भिंतीपलीकडून याची सुरुवातीची चाल ऐकू आली की समजायचं, कोणाचीतरी परीक्षा संपली.

प्रिन्स ऑफ पर्शिया : शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सगळ्यांनी खेळलेला जुना गेम जॉर्डन मेकनर यांचा, १९८९ चा. त्याचं संगीत त्यांच्या वडिलांनी, फ्रान्सिस मेकनर यांनी दिलं होतं. मुलगा गेम बनवतोय म्हणून चाल बांधून देणारे वडील! २००३ च्या 'सँड्स ऑफ टाइम'मध्ये स्टुअर्ट चॅटवूड यांनी मध्यपूर्वेचे सूर आणि रॉक यांची मिसळ केली. तीही झणझणीत.

माइनक्राफ्ट (२०११) : डॅनियल रोझेनफेल्ड म्हणजेच सी-४१८ याचं संगीत. सलग वाजतच नाही. तुम्ही बराच वेळ एकटे दगड फोडत असता, आणि अचानक पियानोचे चार सूर येतात. घरापासून लांब राहणाऱ्या कोणालाही हे का आवडतं ते वेगळं सांगायला नको.

ज्यांना मोठ्या लोकांचा शिक्का लागतो त्यांच्यासाठी दोन-तीन नोंदी. 'सिव्हिलायझेशन ४' या २००५ च्या गेमसाठी क्रिस्टोफर टिन यांनी केलेल्या 'बाबा येतू' या स्वाहिली गाण्याला २०११ मध्ये ग्रॅमी मिळालं. २०२३ मध्ये ग्रॅमीने गेमच्या संगीतासाठी वेगळा पुरस्कार सुरू केला, पहिला मिळाला स्टेफनी इकोनोमू यांना. त्याच वर्षी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपून ठेवायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत कोंदोंची मारिओची चाल घेतली. गेमच्या संगीतातली ती पहिलीच. २०२५ मध्ये माइनक्राफ्टचा अल्बमही त्यात गेला. तेव्हा रेक्टर मॅडम, कृपया नोंद घ्यावी!

करून पाहा

प्रयोग पहिला : टेट्रिस दहा मिनिटं आवाज बंद करून खेळा, मग दहा मिनिटं चालू करून. स्कोअर नका बघू. आपला हात कधी लयीत पडतो ते बघा.

प्रयोग दुसरा : लॅबमध्ये सरांच्या परवानगीने फंक्शन जनरेटरला स्पीकर लावा आणि ड्यूटी ५० वरून २५ वर आणा. मग ७५ वर न्या. २५ आणि ७५ सारखेच ऐकू येतील. का ते फूरियर सिरीज मांडून शोधा. उत्तर मी देणार नाही, एम-थ्रीच्या व्हायव्हात विचारू शकतात.

प्रयोग तिसरा : सुट्टीत घरी गेलात की तुमच्या आवडत्या गेमची चाल घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला ऐकवा. भजनी मंडळातल्या आजीला, लग्नात सनई वाजवणाऱ्या काकांना, कोणालाही. ते काय म्हणतात ते नीट ऐका, आणि कळलं नाही तरी हसू नका. मी हा प्रयोग आठव्या वर्षी केला आणि निष्कर्ष लिहून घ्यायचा राहिला.

अण्णांची पेटी आता मामांकडे आहे. गेल्या दिवाळीत मी ती उघडली. भाता मारला, कपलरची खुंटी ओढली आणि मारिओच्या चालीचे सूर चाचपडत वाजवले. वरच्या सप्तकातल्या पट्ट्या आपोआप खाली जात होत्या, कोणी बसून सोबत वाजवावं तशा. तबला वाजवणारं कोणी नव्हतं, म्हणून दादाने मांडीवर ठेका धरला. पहिल्या चार वेळा आम्ही समेवर चुकलो. पाचव्यांदा आलो.